नाथसागराच्या काठी, बंद जीपमधले चार सिलिंडर

मे महिना, दुपारचा सव्वा वाजलेला, पैठणजवळ नाथसागराच्या काठावर उभी असलेली एक जीप. आत मागच्या बाजूला चार स्कूबा सिलिंडर, म्हणजे पाणबुडे पाठीला लावतात ते हवेचे, त्यांतले तीन भरलेले. अचानक बार उडावा तसा आवाज झाला आणि पाठोपाठ कान फाटतील अशी शिट्टी सुरू झाली. जीपच्या मागच्या खिडकीतून धुळीचा लोट बाहेर पडला. गाळपेरीच्या रानात काकड्या तोडणारी माणसं हातातलं टाकून पळाली. "सिलिंडर फुटला रे!" अशी आरोळी उठली आणि अर्ध्या तासात ती गावात पोचली.

प्रत्यक्षात सिलिंडर फुटला नव्हता. कुणाला खरचटलंही नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहिण्यासारखं आहे, कारण त्या दिवशी लोक ज्याला घाबरले तो धोका नव्हता आणि जो होता त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला ती सामग्री तपासायला बोलावलं. खाली लिहिलंय ते त्या तपासणीवरून आणि तिथं हजर असलेल्यांच्या सांगण्यावरून.

जागा आणि काम

मराठवाड्यात समुद्र नाही, पण पाणबुड्यांना काम भरपूर असतं. विहिरीत पडलेली मोटार काढायची, बंधाऱ्याची फळी अडकली तर सोडवायची, बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायचा. यातली बरीच कामं अजूनही नुसत्या दमावर चालतात. ही टीम मात्र सिलिंडर लावून उतरणारी. टीम म्हणजे एक अनुभवी पाणबुडे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांचा खराच भाचा, आणि वर दोर धरायला दोघं.

काम होतं जॅकवेलच्या, म्हणजे जलाशयातलं पाणी उपसायच्या विहिरीच्या, जाळीचं. १९७६ साली जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून या जलाशयावर कितीतरी गावांच्या पाणी योजना उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका योजनेच्या जॅकवेलच्या तोंडावरची जाळी शेवाळ, प्लास्टिक आणि मासेमारीच्या तुटक्या जाळ्यांनी गच्च झाली होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हे सगळं नेमकं त्या तोंडाशी गोळा होतं. खोली साधारण नऊ मीटर. पाणी इतकं गढूळ की काम हातानं चाचपडत करायचं. हवेच्या दाबाचा काटा बघायचा तर गेज मास्कच्या काचेला टेकवून वर टॉर्च मारावा लागतो.

पंप चालू असताना त्या जाळीपुढे उतरणं म्हणजे मरण. पाण्याची ओढ माणसाला जाळीला चिकटवते आणि मग कितीही ताकद लावली तरी सुटता येत नाही. म्हणून पंप बंद करून, स्टार्टरला कुलूप घालून, किल्ली मामांच्या खिशात गेल्यावरच उतरायचं, हे ठरलेलं. पण आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावाचा पंप दिवसभर बंद ठेवायला कोण तयार होणार? त्यामुळे शटडाऊन दोन तुकड्यांत मिळाला: सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि दुपारी अडीचनंतर. मधले सहा तास थांबायचं. सिलिंडर त्या सहा तासांत जीपमध्ये राहिले ते यामुळे. आळस नव्हता, पंपाचं वेळापत्रक होतं.

पहाटे काय स्थिती होती

चारही सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे, ११.१ लिटरचे, २०७ बार कामकाजी दाबाचे (बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेचा दाब). जगभर स्कूबासाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो हाच माप. रिकामा असताना साधारण चौदा किलो भरतो आणि पूर्ण भरल्यावर त्यात पावणेतीन किलोच्या आसपास नुसती हवा असते. हवेलाही वजन असतं हे पहिल्यांदा सिलिंडर उचलणाऱ्याला पटत नाही.

आदल्या संध्याकाळी टीमच्या स्वतःच्या कॉम्प्रेसरवर ते भरले होते. भरताना हवा दाबली जाते आणि सिलिंडर तापतो, त्यामुळे गरम असताना दिसणारा आकडा थंड झाल्यावर उतरतो. भरणाऱ्या पोरानं शेवटच्या सिलिंडरला या उताऱ्याच्या अंदाजानं हात सैल सोडला, पण उतार त्याला वाटला तेवढा आला नाही. पहाटे, हवा २७ अंशांवर असताना, दोन सिलिंडर २०५ बारवर होते आणि हा तिसरा २२० वर. चौथा सकाळच्या उतरणीत वापरला गेला आणि त्यात ६० बार उरले.

नऊ वाजता सगळे जीपमध्ये गेले. धूळ बसू नये म्हणून भाच्यानं वर काळी ताडपत्री घातली. हेतू चांगला होता, रंग वाईट. जवळपास सावली म्हणावी तर वेड्या बाभळीची, म्हणजे नसल्यातच जमा. पंपहाउसच्या आत सावली होती, पण मोटारींच्या गरगराटात सिलिंडर कुणी नेले नाहीत.

गाडीच्या आत नेमकं किती तापतं

त्या दिवशी बाहेर ४२ अंश होते. उन्हात बंद उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. डॅशबोर्डसारखे थेट ऊन खाणारे भाग तर त्याच्याही बरेच वर जातात. सिलिंडरचा धातू जाड असतो, त्यामुळे तो गाडीतल्या हवेच्या मागून सावकाश तापतो. तास-दोन तासांचा मुक्काम असेल तर तो पूर्ण तापतही नाही. इथं चार तासांहून जास्त मिळाले.

नशिबानं मोजमाप झालं. मोटारीच्या बेअरिंगचं तापमान बघायला पंप ऑपरेटरकडे इन्फ्रारेड गन असते. एकच्या सुमारास भाच्यानं पाण्याची बाटली घ्यायला जीप उघडली, सिलिंडरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. ऑपरेटरनं गंमत म्हणून ताडपत्री उचलून गन रोखली: ६१ अंश. मग भाच्यानं गेज लावून पाहिला. सकाळी २०५ असलेला सिलिंडर २२८ दाखवत होता.

"मामा, काटा चढलाय की! फुकटात हवा वाढली."

"वाढू दे. आपल्याच कामाची हाय."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. पंधरा मिनिटांनी झालेला आवाज नव्हे.

हिशोब

बंद भांड्यातल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. निरपेक्ष म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. २७ अंशांचे ३०० होतात, ६१ चे ३३४. म्हणजे दाब सुमारे अकरा टक्क्यांनी वाढणार. २०५ चे २२८ झाले ते असे. भरलेल्या सिलिंडरसाठी तोंडी हिशोब हवा असेल तर दर अंशाला पाऊण बारच्या थोडं खाली धरावा.

आतली हवा मात्र एका घोटानंही वाढलेली नाही. पाणी २७ अंशांचं असेल तर उतरल्यावर थोड्याच वेळात काटा पुन्हा मूळ जागी यायला निघतो.

नऊ मीटरवर, जाळी ओरबाडण्यासारखं अंगमेहनतीचं काम करताना, मामांसारख्या माणसाला मिनिटाला साधारण ४६ लिटर हवा लागते. ५० बार राखीव ठेवायचे. २०५ बारवर ३७ मिनिटं मिळतात. २२८ खरे मानले तर ४३. ही वरची सहा मिनिटं कागदावरच आहेत, आणि वरून दोर धरणारा घड्याळाकडे बघून इशारा देणार असेल तर तो ती सहा मिनिटं राखीव हवेतून खर्च करायला लावतो. काटा दिसत असता तर पाणबुड्यानं स्वतः सावरलं असतं. या गढूळात काटा सतत दिसत नाही. शिवाय उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काटा अपेक्षेच्या दीडपट वेगानं पडतो, आणि ज्याला कारण माहीत नाही त्याला वाटतं कुठंतरी गळती आहे. अंधारात, जाळीला हात अडकलेला असताना, गळतीची शंका येणं ही साधी गोष्ट नाही.

आवाज कशाचा होता

आता दाबाच्या ताकदीचा प्रश्न. हे सिलिंडर कामकाजी दाबाच्या पाच तृतीयांश दाबाला, म्हणजे ३४५ बारला, हायड्रो टेस्टमध्ये तपासले जातात. टेस्टला पाणी भरतात, दाब चढवतात आणि धातू किती फुगला व किती पूर्ववत आला हे मोजतात. सर्वांत जास्त भरलेल्या सिलिंडरचा ६१ अंशांना होणारा दाब येतो २४५ च्या आसपास. तपासणी दाबापेक्षा शंभर बार खाली. उन्हाने अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं असंही तिथं कुणीतरी म्हणालं. त्यासाठी पावणेदोनशे अंशांच्या वर जावं लागतं. तसे चटके सिलिंडरला रंगाच्या भट्टीत किंवा आगीत बसतात, जीपमध्ये नाही.

म्हणजे सिलिंडर शाबूत राहायला हवा होता, आणि तो राहिला. गेली ती बर्स्ट डिस्क. व्हॉल्व्हच्या बाजूला एका नटाखाली तांब्याची पातळ चकती बसवलेली असते. कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी सेफ्टी प्लग असतो, तिचं काम तेच: दाब हाताबाहेर गेला तर आपण फाटायचं आणि भांडं वाचवायचं. नटाला समोरासमोर छिद्रं असतात, त्यामुळे सुटलेली हवा दोन्हीकडे सारखी ढकलते आणि सिलिंडर उडत नाही. जुन्या एका छिद्राच्या नटांची गोष्ट वेगळी, ते सिलिंडरला गरगर फिरवू शकतात. सगळ्या देशांतल्या व्हॉल्व्हना ही डिस्क नसते. युरोपी बनावटीच्या बऱ्याच व्हॉल्व्हवर ती दिसणारच नाही.

पण डिस्कही तपासणी दाबाच्या जवळपास, म्हणजे ३१० ते ३४५ बारच्या दरम्यान, फाटायला हवी. २४५ ला का फाटली?

मी नट उघडला तेव्हा उत्तर समोर होतं. आतल्या कडेला हिरवट पूड, चकतीचा उरलेला काठ एका बाजूला कागदासारखा पातळ झालेला, आणि नटाच्या आट्यांत पांढरे खडे. मीठ! हे सिलिंडर टीमनं जुने घेतलेले होते, कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्रात उतरवण्यासाठी काही वर्षं वापरलेले. समुद्राचं पाणी त्या छिद्रांतून आत जातं, वाळतं, मीठ राहतं. गोड्या पाण्यानं सिलिंडर वरून धुतला तरी तिथपर्यंत धार पोचत नाही. कोकणात गाडीत ठेवले तरी तापमान इतकं चढत नसल्यानं आणि भरलेले सिलिंडर त्याच दिवशी संपत असल्यानं ती चकती तग धरून राहिली. शिवाय भरणं-रिकामं होणं या प्रत्येक फेऱ्यात तांबं फुगतं, सपाट होतं आणि थकतं. पैठणच्या उन्हानं फक्त शेवटचा धक्का दिला. दुसऱ्या दोन सिलिंडरच्या चकत्या नंतर काढल्या. एक ठीक होती, दुसरीवर हिरवं धरायला लागलं होतं.

चुकीच्या दाबाची डिस्क बसवली असेल का, हाही संशय होता. कमी दाबाच्या पोलादी सिलिंडरची डिस्क चुकून इथं लागू शकते आणि मग अशीच वेळ येते. नटावर कोरलेला आकडा पाहिला, बरोबर होता.

सुटलेली हवा २४०० लिटरच्या आसपास. जीपच्या आतल्या जागेच्या मानानं ही छोटी रक्कम नाही. मागची सरकती काच चार बोटं उघडी होती म्हणून काचा वाचल्या. ताडपत्री मात्र एका कोपऱ्यात चिंधी होऊन पडली होती. शिट्टी थांबल्यावर भाच्यानं व्हॉल्व्हला हात लावला तर तो बर्फासारखा गार! सुटणारी हवा फैलावताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे ४२ अंशांच्या उन्हात पितळेवर दव धरलं होतं.

त्यात श्वास कोंडण्याचा किंवा आग लागण्याचा प्रश्न नव्हता, कारण आत होती ती साधी हवा. घरातल्या गॅसच्या सिलिंडरशी त्याची बरोबरी होत नाही. तिथं आत द्रवरूप इंधन असतं, गळलं तर जळतं. शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर असता तरी मी वेगळं बोललो असतो. तेलकट फडकं आणि ऑक्सिजन एका गाडीत ठेवणाऱ्याला मी गाडीतून उतरायला सांगेन.

तरीही त्या जीपमध्ये पेटणारी एक वस्तू होती आणि तिची चर्चा कुणीच केली नाही. कॉम्प्रेसरसाठी आणलेला पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन, प्लास्टिकचा, फुगून गोल झालेला, सिलिंडरच्या शेजारी, त्याच ताडपत्रीखाली. सिलिंडरची हवा तोंडात पोचवणारा रेग्युलेटर त्याच्यावर ठेवलेला. मला विचाराल तर जीपमधला खरा बॉम्ब तोच. सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद असल्यानं पेट्रोलची वाफ भरलेल्या हवेत शिरत नाही, पण रेग्युलेटरच्या रबरात ती मुरते, आणि पुढची उतरण तोच तोंडात धरून करायची असते.

मग दुपारचं काम

अडीचचा शटडाऊन सोडायला मामा तयार नव्हते. पुढचा कधी मिळेल याची खात्री नव्हती आणि गावाला पाणी द्यायचं होतं. तीन सिलिंडर पंपहाउसच्या सावलीत आणले. इथं मामा आणि ऑपरेटर यांच्यात वाद झाला. मामांचं म्हणणं, दाब जास्त आहे तर थोडी हवा सोडून द्या, जीवाला घोर नको. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून त्यांनी २२८ चे २०५ केलेही. दुसऱ्याला हात लावू नका, असं ऑपरेटरनं विनवलं. त्याच्यावर ओलं पोतं गुंडाळलं आणि जमिनीवर आडवं ठेवलं. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात ओलं पोतं झपाट्यानं गार करतं. कूलर इथं का चालतो आणि मुंबईत का चालत नाही, त्याचं कारण हेच. फक्त व्हॉल्व्हच्या तोंडाला टोपी असली पाहिजे, पाणी आत जाता कामा नये. पोलादी सिलिंडर असेल तर पोतं काढल्यावर पुसून घ्यावा, नाहीतर गंज धरतो.

पाऊण तासानं गन ३६ अंश दाखवत होती आणि पोत्यातला सिलिंडर २११ बार. मामांनी हवा सोडलेला मात्र १९० वर आलेला. पाण्याच्या तापमानाला तो १८५ च्या आसपास जाणार होता, म्हणजे मूळच्या २०५ मधले वीस बार, सव्वादोनशे लिटर हवा, उन्हात उडवून दिलेली. जाळीवरची पाच मिनिटं. सिलिंडर शाबूत असेल तर तापला म्हणून हवा सोडायची गरज नसते. सावलीत आणला की दाब आपोआप उतरतो. हवा सोडायची ती मुळातच जास्त भरला गेला असेल तर, आणि तीही तो थंड झाल्यावर मोजून.

मामा २११ वाला घेऊन उतरले, १८५ वाला वर तयार ठेवलेल्या भाच्याच्या पाठीवर. वेळ मोजली ती २०५ धरून. जाळी निम्म्याहून जास्त मोकळी झाली. उरलेलं काम पुढच्या शटडाऊनला गेलं.

एक गोष्ट जाता जाता. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४६४ मीटरच्या आसपास आहे. तीनशे मीटरच्या वरच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी उंचीवरच्या डुबकीची कोष्टकं, म्हणजे किती खोलीवर किती वेळ थांबायचं याचे तक्ते, वापरायची असतात. नऊ मीटरवर अर्धा तास म्हणजे काळजीचं काही नाही, पण खोल विहिरीत वारंवार उतरणाऱ्या टीमनं किनाऱ्यावर शिकलेले आकडे जसेच्या तसे इथं वापरू नयेत.

नियम काय सांगतो

भारतात भरलेल्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते बघणाऱ्या पेसो या यंत्रणेचं मुख्यालय नागपूरला आहे, म्हणजे उन्हाची जाण तिथं नक्की असणार. सिलिंडर थंड, कोरड्या, हवेशीर जागी, उष्णतेपासून दूर ठेवावेत हे त्यात आहेच. सिलिंडरची रचना मात्र यापेक्षा उदार असते: वाढत्या तापमानातला दाब तपासताना ६५ अंशांचा आकडा धरतात. म्हणून मी टीमला असं लिहून दिलं नाही की गाडीत भरलेला सिलिंडर ठेवणं हा गुन्हा आहे. तपासणीत चालू, डिस्क नवी, भरणं योग्य, अशा सिलिंडरला मराठवाड्यातली बंद जीप सहन होते. पण 'सहन होते' या भरवशावर रोज कशाला राहायचं, सावली वीस पावलांवर असताना?

वाहतुकीचा मुद्दा मला तापमानापेक्षा मोठा वाटतो. त्या जीपमध्ये चारही सिलिंडर सुटे लोळत होते. सतरा किलोचा सिलिंडर पैठण रस्त्यावर अचानक ब्रेक लागला तर पुढच्या सीटपर्यंत येतो. व्हॉल्व्ह कशावर आदळून मोडला तर तिथं डिस्कसारखी समोरासमोर छिद्रं नसतात. सगळी हवा एका तोंडानं सुटते आणि सिलिंडर उलट्या दिशेला धावतो.

टीमनं त्यानंतर केलेल्या गोष्टी साध्या आहेत. चारही सिलिंडरच्या डिस्क नटासह बदलल्या, आणि हायड्रो टेस्टच्या वेळी दर पाच वर्षांनी त्या बदलायच्या असं ठरलं. डिस्क वेगळी वाचवून नट जुना ठेवायचा नाही, आणि नट नेमून दिलेल्या ताकदीनंच आवळायचा, कारण जास्त आवळला तर चकती तिथंच कापली जाते. जुने सिलिंडर असल्यानं मानेवरचे शिक्केही वाचले. ६३५१ मिश्रधातूचे जुने अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर मानेपाशी तडकतात, म्हणून मोठ्या अमेरिकी उत्पादकानं १९८८ मध्ये ६०६१ कडे मोर्चा वळवला. हे चारही ६०६१ चे निघाले. जीपच्या मागे लाकडी खाचा करून पट्ट्यानं बांधायची सोय झाली, रुंदीला आडवे. पेट्रोलचा कॅन आता टपावर जातो. भरणाऱ्या पोराला वहीत तीन रकाने आखून दिले: भरतानाचा दाब, दुसऱ्या दिवशी पहाटेचा दाब आणि पहाटेचं तापमान.

मामांनी एक गोष्ट मात्र ऐकलेली नाही. दुपारी सिलिंडर गरम लागला की ते अजूनही व्हॉल्व्ह थोडा उघडतात, आणि भाचा वहीत शेजारी लिहून ठेवतो, किती गेली.